मुदतवाढीचे व्याज

नागपूरच्या बेसा चौकाच्या पुढे, पिपळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक छोटे दुकान आहे. झेरॉक्स, पॅन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, अशी कामे तिथे होतात. गेल्या जूनमध्ये शेजारच्या मुलीच्या दाखल्यासाठी मी तिथे बसलो होतो. दुकानदाराने मध्येच अर्धा भरलेला अर्ज जतन केला, उघडी पाने मिटली आणि तो हाताची घडी घालून बसला. मिनिटभरात संगणक आपोआप बंद पडला. "तासाला एकदा होते असं, भाऊ. आता सवय झाली," असे म्हणून त्याने पुन्हा बटण दाबले. पडद्याची पार्श्वभूमी काळी होती आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत परवान्याची मुदत संपल्याची सूचना होती.

ती सूचना नीट वाचल्यावर लक्षात आले, की ही सर्वसाधारण अर्थाने चोरीची प्रत नव्हती. विंडोजची 'एंटरप्राइझ' आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मूल्यमापनासाठी ९० दिवस विनामूल्य देते. एखाद्या संस्थेच्या तंत्रविभागाने ती आपल्या यंत्रांवर तपासून पाहावी आणि मग परवाने घ्यायचे की नाही ते ठरवावे, एवढाच तिचा उद्देश. मुदत संपली की पार्श्वभूमी काळी पडते, सूचना हटत नाही आणि यंत्र दर तासाला बंद होते. दुकानदाराला ही प्रत एका दुरुस्तीवाल्या मुलाने टाकून दिली होती. "फॉरमॅट मारून ओरिजिनल विंडोज टाकून देतो" हे त्या मुलाचे शब्द, आणि शब्दशः पाहिले तर ते खोटेही नव्हते. मुदत संपत आली की तोच येऊन ती वाढवून द्यायचा आणि दर खेपेला थोडे पैसे घ्यायचा. मग एकदा ती वाढेनाशी झाली.

मुदत वाढते कशी हे पाहिले, तर ती का थांबते हेही कळते. विंडोजमध्ये सक्रियीकरणाची सक्ती २००१ मध्ये एक्सपीबरोबर आली. ३० दिवसांत प्रत सक्रिय केली नाही तर ती चालेनाशी होत असे. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलेल्या व्हिस्टात ही ३० दिवसांची मोजणी तीन वेळा पुन्हा सुरुवातीला आणता येत होती, म्हणजे एकूण १२० दिवस मिळत. ही चोरवाट नव्हती, ती सोय कंपनीनेच ठेवलेली होती. एक सिद्ध प्रत तयार करून ती शेकडो यंत्रांवर उतरवायची असेल, तर प्रत्येक यंत्राची मुदत मूळ प्रत बनल्याच्या दिवसापासून न मोजता ते यंत्र प्रथम सुरू झाल्यापासून मोजली जावी, यासाठी ती होती. सर्व्हरच्या मूल्यमापन आवृत्तीत हीच सोय अधिक सैल आहे. तिथे १८० दिवसांची मुदत पुन्हा पुन्हा भरून एकंदर सुमारे तीन वर्षांपर्यंत नेता येते.

म्हणजे यंत्रात दोन मोजण्या चालू असतात. एक दिवसांची, जी पुन्हा भरता येते. दुसरी या भरण्यांची, जी भरता येत नाही. वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त पहिली दिसते. दुसरी पाहायला वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि ती आज्ञा माहीत असलेला माणूस दुकानात बसत नाही, तो तीन महिन्यांनी येतो. त्यामुळे मुदत संपण्याची घटना जाणकाराच्या दृष्टीने पहिल्या दिवसापासून निश्चित असते, आणि दुकानदाराच्या दृष्टीने मात्र ती एका सकाळी, ऐन हंगामात, कारण नसताना घडते.

तरीही माझी खरी चिंता या दोन मोजण्यांची नाही. तिसरी एक राशी आहे, जी कोणीच मोजत नाही: त्या यंत्रावर साचत जाणारे काम. डेस्कटॉप विंडोजची मूल्यमापन आवृत्ती परवाना विकत घेतला तरी जागच्या जागी पूर्ण आवृत्तीत रूपांतरित करता येत नाही. ती पुसून कार्यप्रणाली नव्याने टाकावी लागते. पहिल्या दिवशी हे काम तासाभराचे असते, कारण पुसण्यासारखे काहीच नसते. वर्षभराने त्याच यंत्रावर शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या छायाप्रती, ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड, प्रिंटरच्या आणि अंगठा घेणाऱ्या उपकरणाच्या जुळवण्या, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअर आणि एखादा जुना मराठी फॉन्ट, ज्याची मूळ सीडी आता सापडत नाही, असे सगळे असते. मुदतवाढ म्हणजे तोच निर्णय तेवढ्याच खर्चात उद्या घेणे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात निर्णय पुढे जातो तसा त्याचा खर्च वाढत जातो. आणि खर्च वाढल्यामुळेच पुढची मुदतवाढ आणखी आवश्यक वाटू लागते. हे चक्र स्वतःलाच बळ देणारे आहे; त्याला आळशीपणाचे किंवा अप्रामाणिकपणाचे कारण लागत नाही. प्रत्येक टप्प्यावर अगदी सुज्ञपणे वागणारा माणूसही यात अडकू शकतो.

उत्पादकाला ही गोष्ट पुरेपूर माहीत आहे, आणि तिचा पुरावा त्याच्या दरपत्रकात मिळतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्या हव्या असणाऱ्या संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर ठेवला गेला. पुढच्या वर्षी तो दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, आणि त्यानंतर सोयच नाही. दुरुस्ती तयार करण्याचा खर्च दरवर्षी दुप्पट होतो, असे कोणी म्हणणार नाही. ही चढती श्रेणी ग्राहकाला बाहेर ढकलण्यासाठी आहे, कारण मुदतवाढीत माणूस मुरतो हे विक्रेत्याने विंडोज ७ च्या वेळीही पाहिले होते. घरगुती वापरकर्त्यांना मात्र ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे एक वर्ष तुलनेने सहज मिळाले: ३० डॉलर भरून, कंपनीच्या बक्षीसयोजनेतले गुण खर्चून, किंवा काही न भरता आपल्या संगणकाच्या जुळवण्या कंपनीच्या खात्याशी जोडून. जिथे किंमत चढत नाही तिथे बाहेर पडण्याचा दबावही नाही, आणि नेमके तिथेच तांत्रिक मदत सर्वात कमी आहे.

बेशासारख्या वस्तीत हे का साचते, याची कारणे नैतिकपेक्षा आर्थिक अधिक आहेत. ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलेला हा भाग नागपूरच्या दक्षिणेला मनीषनगर, बेलतरोडी, घोगलीला लागून झपाट्याने वाढला. इमारती आधी आल्या आणि त्यांच्या तळमजल्यांवर शिकवणी वर्ग, कर सल्लागार, पॅथॉलॉजीचे नमुना संकलन केंद्र, फोटो स्टुडिओ, अर्ज भरणारी दुकाने नंतर आली. यांतल्या अनेकांचे संगणक कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले, नूतनीकृत म्हणून विकले जाणारे असतात. अशा यंत्राच्या किमतीशी विंडोजच्या किरकोळ परवान्याची किंमत ताडून पाहिली, तर ती किरकोळ मुळीच राहत नाही. शिवाय २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीचे चांगले चालणारे यंत्र परवाना घेऊनही अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नाही. तेव्हा दुकानदारासमोरचा प्रश्न 'परवाना घ्यावा का' एवढा साधा उरत नाही. 'यंत्र, परवाना आणि दोन दिवसांचा धंदा एकदम सोडावा का' असा तो बनतो. समोर तिसरा कोणी काहीशे रुपयांत सहा महिने देऊ करतो. उत्तर काय येणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

अधिकृत मुदतवाढ संपल्यावर काय होते, इथे धोक्याचे स्वरूप बदलते. एक वाट म्हणजे घड्याळ मागे नेणे. आजच्या विंडोजमध्ये ती फारशी चालत नाही, पण स्वतंत्र सॉफ्टवेअरच्या चाचणी मुदतीसाठी लोक ती अजूनही वापरतात, आणि तिचे परिणाम कोणाला सांगितले जात नाहीत. संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असते. संगणकाचे घड्याळ त्या कक्षेबाहेर असेल तर ब्राउझर जोडणी असुरक्षित ठरवतो. वापरणारा इशारा ओलांडून पुढे जायला शिकतो, आणि एकदा शिकला की खरोखर बनावट असलेल्या संकेतस्थळाचा इशाराही तितक्याच सहजतेने ओलांडतो. कर सल्लागाराच्या यंत्रावर तर स्वाक्षरी केलेल्या दस्तऐवजावर चुकीची वेळ उमटण्याची शक्यता असते, आणि विवाद उद्भवला तर त्या यंत्रावरच्या नोंदींचा क्रम पुरावा म्हणून टिकत नाही.

दुसरी वाट अधिक रुळलेली आहे: 'ॲक्टिव्हेटर'. मोठ्या संस्थांतली यंत्रे संस्थेच्या आतल्या एका सर्व्हरकडून सक्रिय होतात. ते सक्रियीकरण १८० दिवस टिकते आणि यंत्र ठरावीक काळाने ते आपोआप नवे करून घेते. ॲक्टिव्हेटर त्या सर्व्हरचे सोंग घेऊन यंत्राच्या आतच बसतो. म्हणजे न संपणारी मुदतवाढ. यातली तांत्रिक चलाखी बाजूला ठेवू. त्याच्या पूर्वअटीकडे पाहू. तो चालवताना प्रशासकाचे सर्वाधिकार द्यावे लागतात आणि बहुधा विषाणूरोधक बंद करावा किंवा त्याच्यातून सूट द्यावी लागते. अनोळखी माणसाने बनवलेला, उगम माहीत नसलेला कार्यक्रम, पहारा उठवून, घराच्या सगळ्या किल्ल्या देऊन आत घेणे ही ती पूर्वअट. केएमएसपिको या नावाच्या अशा साधनाच्या बनावट प्रतींतून क्रिप्टबॉट हा पासवर्ड आणि आभासी चलनाची पाकिटे चोरणारा कार्यक्रम पसरवला जात असल्याचे २०२१ च्या अखेरीस सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले होते. त्याआधी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासपथकाने चीनमधल्या वेगवेगळ्या शहरांत २० नवे संगणक विकत घेतले; त्यांतल्या चारांवर पेटी उघडतानाच घातक सॉफ्टवेअर होते. वीसचा नमुना लहान आहे आणि तपासणाऱ्याचा हितसंबंधही उघड आहे, हे मान्य करूनही पुरवठ्याच्या साखळीत कोण काय घालतो हे शेवटच्या ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो, हा निष्कर्ष टिकतो.

इथे एक नेमकेपणा पाळायला हवा. सक्रिय न केलेल्या विंडोज १० ला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, हा समज चुकीचा आहे. आधार चालू असेपर्यंत त्या मिळत होत्या. दुरुस्त्या थांबतात त्या परवान्याअभावी नव्हे, भीतीपोटी. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने प्रत अस्सल आहे का हे तपासणारा कार्यक्रम स्वयंचलित अद्ययावतीकरणाच्याच वाटेने पाठवायला सुरुवात केली, आणि विंडोज ७ साठी २०१० मध्ये तसाच आणखी एक पाठवला. सुरक्षेची दुरुस्ती आणि परवान्याची झडती एकाच दाराने येऊ लागल्यावर लोकांनी दारच लावून घेतले. 'अपडेट बंद करून ठेवा, नाहीतर विंडोज उडेल' हा सल्ला मी नागपुरात निदान पंधरा वर्षे ऐकत आलो आहे, आणि आज अस्सल परवाना असलेली माणसेही तो पाळतात. कंपनीची ही चूक लहान नव्हती. ऑगस्ट २००७ मध्ये तिचे तपासणी सर्व्हर बिघडले, तेव्हा सुमारे १२,००० अस्सल प्रतीही बनावट ठरवल्या गेल्या. मग भीती निराधार होती, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या बंद दाराची किंमत मे २०१७ मध्ये दिसली. वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा कार्यक्रम ज्या छिद्रातून शिरला, त्याची दुरुस्ती त्याच वर्षीच्या १४ मार्चला प्रसिद्ध झाली होती. हल्ला सुरू झाला १२ मेला. त्या वेळी दोष एक्सपीला दिला गेला, पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या आकडेवारीनुसार बाधित यंत्रांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक विंडोज ७ वर चालणारी होती, म्हणजे ज्यांना दुरुस्ती विनामूल्य उपलब्ध होती अशी. सगळ्यांनी अद्ययावतीकरण परवान्याच्या भीतीने बंद केले होते असे नाही. मोठ्या संस्था दुरुस्ती आधी तपासून मग लावतात आणि त्यात महिने जातात. परंतु बीएसएच्या सर्वेक्षणाप्रमाणे २०१७ मध्ये भारतातल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते, हे लक्षात घेता भीतीचा वाटा नगण्य मानता येत नाही. बीएसए ही सॉफ्टवेअर विक्रेत्यांचीच संघटना आहे, म्हणून आकडा थोडा कमी धरला तरीही.

वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा घातक कार्यक्रम आला आणि त्याने महाराष्ट्रालाही स्पर्श केला. जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल त्यात ठप्प झाले. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवलेला, ही माहितीच हाती नसल्याने काम हाताने करावे लागले आणि गाड्या खोळंबल्या. चिकित्सक वाचक इथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: नॉटपेट्या मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातूनच आत आला होता. म्हणजे अद्ययावत राहणे हे कवच नव्हे. पण त्या घटनेचा दुसरा अर्धा भाग अधिक बोधक आहे. आत आल्यावर तो एका यंत्रावरून प्रशासकाचे पासवर्ड उचलत असे आणि त्यांच्या बळावर दुरुस्ती केलेल्या यंत्रांवरही पसरत असे. जाळ्यातले एक दुर्बल यंत्र पुरेसे होते. बेशातल्या त्या दुकानाचा संगणक कोणत्या बंदराशी जोडलेला नाही. परंतु त्यावरून दिवसभर शासकीय संकेतस्थळांत लोकांच्या नावाने प्रवेश केला जातो, आणि ते पासवर्ड त्याच यंत्रात असतात.

जिथे नियामक आहे, तिथे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हा देशातली अनेक एटीएम यंत्रे त्यावर चालत होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना याबद्दल लिहिले. पुरेशी हालचाल न दिसल्याने २१ जून २०१८ च्या परिपत्रकात टप्पे बांधून दिले: सप्टेंबरपर्यंत किमान चतुर्थांश यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत तीन चतुर्थांश आणि जून २०१९ पर्यंत सगळी. तज्ज्ञ, पैसा आणि कायदेशीर उत्तरदायित्व असलेल्या बँकांना आधार संपल्यापासून पाच वर्षे लागली, तीही सक्तीने. माझ्या मते या परिपत्रकातली सर्वात शहाणी गोष्ट म्हणजे त्याने अंतिम तारखेबरोबर मधले टप्पेही दिले. नुसती अंतिम तारीख ही सुद्धा एक चाचणी मुदतच असते, आणि ती वाढवून घेण्याची कला आपल्याला चांगली अवगत आहे.

अर्ज भरणाऱ्या दुकानाला असा नियामक नाही. प्रताधिकार कायद्याचे कलम ६३ब जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. पण मूल्यमापनाची प्रत मुदतीपलीकडे वा धंद्यासाठी वापरणे हा प्रथमतः कराराचा भंग आहे, आणि तो तपासायला बेशात कोणी येत नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे इथेही मुदत. एवढ्या मोठ्या आकड्याचा कायदा तळमजल्यावरच्या गाळ्यापर्यंत कसा उतरणार, याचे उत्तर मला त्यात सापडलेले नाही.

लिनक्स हा पर्याय नाही का, असे विचारले जाते. आहे, आणि केरळने शाळांच्या बाबतीत तो राज्यभर राबवून दाखवला. युनिकोडमधले मराठी तिथे उत्तम चालते. अडचण कार्यप्रणालीची नसून तिच्याभोवतीच्या उपकरणांची असते: स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याचे यंत्र, जुना प्रिंटर. पण त्या अडचणी पहिल्या दिवशी तपासल्या तर दोन तासांच्या असतात. तीन वर्षे विंडोजवर काढल्यानंतर त्याच अडचणी दुकान बंद ठेवायला लावतात. पर्याय तेवढाच चांगला राहतो, त्याच्यापर्यंतचे अंतर वाढते.

दाखल्याचा अर्ज भरून झाला तेव्हा दुकानदाराने मला विचारले, की मुदत आणखी एकदा वाढवता येईल का. निदान प्रवेशांचा हंगाम संपेपर्यंत. लोकांची कागदपत्रे कुठे ठेवता, असे मी विचारले. "डेस्कटॉपवरच," तो म्हणाला. दुसरीकडे कुठे प्रत? नव्हती. फॉरमॅट मारला तर नेमका तोच भाग पुसला जाईल, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. किती साठले आहे ते तरी बघू, म्हणून त्याने फोल्डरवर उजवी कळ दाबली. आकडा थांबेना. फाइली मोजल्या जात होत्या, संख्या वर वर चढत होती, आणि ती स्थिर होण्याआधीच तास भरला आणि पडदा काळा झाला.